शिंगी अक्षराची बारीक रेघ

१९७८ साल. तू बावीस वर्षांचा, मी सव्वीसचा. नरसय्या, तू अक्कलकोट रोडच्या आपल्या कारखान्यात नवा डिझायनर म्हणून आलास, तेव्हा तुझ्या हातात जेवणाचा डबासुद्धा नव्हता. काखेत कागदाची सुरळी होती. मालकाच्या केबिनमध्ये न जाता तू आधी माझ्या पंचिंग मशीनपाशी आलास आणि सुरळी माझ्या मांडीवर पसरलीस. मी म्हणालो, "आधी नाव तर सांग, गड्या." तू म्हणालास, "नाव सांगतो की नंतर. हे बघ."

तुला माहीत आहे, पण वाचणाऱ्याला कळावं म्हणून आपलं काम सांगतो. डिझायनर चौकटीच्या कागदावर, म्हणजे ग्राफवर, लाल रंगानं घरं भरतो. एक घर म्हणजे एक धागा. पंचिंगवाला ती एकेक ओळ वाचतो आणि पुठ्ठ्याच्या कार्डाला भोकं पाडतो. एक ओळ, एक कार्ड. अशी शेकडो कार्डं ओवून मागाच्या डोक्यावर चढवली की खाली टॉवेलवर, चादरीवर ती नक्षी उतरते. म्हणजे कागद तुझा, भोकं माझी. आपलं सगळं भांडण या दोन शब्दांत आलं.

त्या सुरळीवर इंग्रजी अक्षरं होती. मी तिसरी नापास, पण इंग्रजी अक्षरं हातातून जाऊन जाऊन ओळखीची झालेली. अशी कधी बघितली नव्हती. उभी दांडी जाड, बोटाएवढी. तिच्या जोडीची रेघ एकदम बारीक, नुसतं एक घर. आणि प्रत्येक दांडीच्या बुडाला आडवा पाय, त्या पायाची दोन्ही टोकं वर वळलेली.

"हे असं का हुबं हाय? जोडं घातल्यावानी?"

"जोडंच आहे ते. अनवाणी अक्षर हॉटेलच्या टॉवेलवर शोभत नाही, अन्ना."

मग तू सांगितलंस. तुझा बाप गिरणीत होता, ती बंद पडली. कापडाच्या गठ्ठ्यावरचं एक जुनं लेबल त्यानं घरी आणून भिंतीला चिकटवलं होतं. त्यावर असली अक्षरं होती, पण नऊच. "बाकीची सतरा मी काढलो," तू म्हणालास. बावीस वर्षांचं पोरगं, आणि असं म्हणालास जणू सतरा लेकरं वाढवलीस. मी विचारलं, बघितली नसताना कशी काढली? तू म्हणालास, नऊ भाऊ बघितल्यावर दहावा कसा दिसत असेल ते कळतं की.

त्यातलं ते 'आर' मला आवडलं. त्याचा पुढचा पाय खाली येऊन आत वळायचा आणि टोकाला गाठ पडायची. आमच्या सांगोल्याकडे आमची मेंढरं होती. मी म्हणालो, हे तर मेंढ्याचं शिंग हाय. तू रुसलास. तुला ते वेलीचं टोक वाटत होतं. पण कारखान्यात 'शिंगी अक्षर' हेच नाव पडलं आणि पुढं मालकसुद्धा पार्टीला विचारायला लागला, "साधं पाहिजे का शिंगी?"

पहिली ऑर्डर एका लॉजच्या टॉवेलची आली. तू ग्राफ दिलास, मी पंच केला. आणि तुला न विचारता उभ्या बारीक रेघेला प्रत्येक ओळीत एक भोक जास्त मारलं, आडवीची ओळ दोनदा मारली. एका घराची दोन घरं.

त्याचं कारण मी तेव्हा सांगितलं होतं, आता परत सांगतो. टॉवेलला मऊ फासे असतात. एका धाग्याची रेघ त्या फाशांत बुडून जाते. मागावरून उतरताना दिसते, पहिल्या धुण्याला अर्धी जाते, तिसऱ्या धुण्याला 'एच' अक्षराच्या दोन दांड्या दोन खांबांसारख्या सुट्या उभ्या राहतात. कागद काही कुणी धुवायला टाकत नाही. टॉवेल टाकतात.

टॉवेल उतरला. तू सुई घेतलीस, भिंग घेतलंस आणि धागे मोजलेस. मला वाटलं नव्हतं तू मोजशील. डोकं वर न करता म्हणालास, "अन्ना, माझ्या अक्षराला जाड्या केलास तू."

"जाड्या न्हाय, धडधाकट केलं."

"मी एक घर काढलो होतो."

"मी दोन मारली."

"का मारलास?"

"धुतल्यावर कळंल."

अकरा दिवस तू माझ्याशी बोलला नाहीस. ग्राफ टेबलावर ठेवायचास आणि जायचास. मालकाला अक्षर आवडलं, लॉजवाल्याला आवडलं, दुसरी ऑर्डर आली. त्यात तू परत एकच घर काढलंस आणि मी परत दोन मारली. माग दुरुस्त करणारा आपला रज्जाक जॉबर म्हणाला, "अरे, दोनो पागल हैं क्या? नरसय्या, तूच दोन काढ की. नाहीतर बिरू, तू एक मार. सोपं हाय की नै?"

सोपं होतं. पण तू काढली नाहीस आणि मी मारलं नाही. ही गोष्ट कुणाला सांगितली तर खोटी वाटते. चाळीस वर्षं तू एक घर काढत राहिलास, मी दोन मारत राहिलो. जो टॉवेल बाहेर गेला तो माझ्या रेघेचा गेला आणि जो कागद कपाटात गेला तो तुझ्या रेघेचा. शेवटी शेवटी तू सुईसुद्धा काढत नव्हतास. नुसता टॉवेल उजेडाला धरायचास आणि "हं" म्हणायचास. त्या "हं"मध्ये शिवी होती, मला कळत होती.

एक मात्र पाळलं. तुझ्या ग्राफला मी पेन्सिल लावली नाही. आपल्या धंद्यात पंचिंगवाल्यानं ग्राफवर खूण करायची नसते. ओळ चुकू नये म्हणून पट्टी सरकवायची, बस. कितीही चूक दिसो, दुरुस्ती डिझायनरच्या हातानं. मला जे करायचं होतं ते मी माझ्या कार्डावर केलं.

मग मराठीची वेळ आली. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधला एक फिटर रिटायर होणार होता आणि त्याच्या सोबत्यांना त्याचं नाव विणलेल्या चादरी पाहिजे होत्या, सहा. नाव मराठीत आणि शिंगी अक्षरात. तू आठवडाभर नुसता बसून राहिलास. मी विचारलं, "काय झालं?"

"पाय कुठं लावू?"

"कशाला लावतोस? इंग्रजी अक्षर भुईवर हुबं राहतं, त्याला पाय पाहिजेत. आपलं अक्षर तर वरच्या रेघेला लोंबतंय. लोंबणाऱ्याला जोडं कशाला?"

तू पेन्सिल खाली ठेवलीस. मग म्हणालास, "तिसरी नापास कोण म्हणतंय रे तुला?" मी आयुष्यात कुणाकडून एवढं मोठं सर्टिफिकेट घेतलं नाही. तू ते लगेच परत घेतलंस, ते सोड. म्हणालास, "पण म्हणून रेघ दोन घरांची होत नसते."

मग तू पाय काढून टाकलेस. काना जिथं संपतो तिथं टोक किंचित डावीकडं वळवलंस, आणि वरच्या शिरोरेघेची दोन टोकं शिंगासारखी उचललीस. बास. अंगात तेच जाड, तेच बारीक. इंग्रजीच्या शेजारी ठेवलं तर एका घरातलं वाटायचं, आणि एकटं ठेवलं तर मराठी वाटायचं. मी खोटं कौतुक कुणाचं करत नाही. ते अक्षर चांगलं होतं. हे तुला मी तेव्हा सांगितलं नाही.

आणि त्याच चादरीत आपण दोघांनी ती चूक केली. चादर मागावर पालथी विणतात. वर दिसते ती मागची बाजू, म्हणून मागावर नाव उलटं दिसलं पाहिजे, आरशात दिसतं तसं. त्या दिवशी नाव मागावर सरळ उतरायला लागलं आणि आपण दोघं खुळ्यासारखे उभे राहून ते वाचत होतो. तू म्हणालास, "बघ अन्ना, बघ, काना कसा वळलाय." मी म्हणालो, "लई झकास." वीस वर्षं मागापाशी काढलेला रज्जाक आला, त्यानंही वाचलं, तोही म्हणाला, वा. सहाच्या सहा चादरी उतरल्या. मग पहिली सरळ बाजू वर करून पसरली आणि तिघांची तोंडं उतरली. कार्डांची माळ मी उलटी ओवली होती. उद्या सकाळी कुर्डुवाडीचा माणूस न्यायला येणार.

तू ओरडशील असं वाटलं. तू चादर उचललीस, परत पालथी केलीस आणि म्हणालास, "ही बाजू वर." आपली चादर दोन्ही अंगांनी विणलेली, रंग तेवढे अदलाबदल. लालावर पांढरं नाव ठरलं होतं, ते पांढऱ्यावर लाल झालं. शिलाईवालीकडून काठाची दुमड उलटी मारून घेतली. कुर्डुवाडीहून निरोप आला की असलं उठून दिसणारं नाव वर्कशॉपात कुणाच्याच चादरीवर नव्हतं, आणि पुढच्या रिटायर होणाऱ्यालाही पांढऱ्यावर लालच पाहिजे. तू मालकाला चूक कुणाची ते सांगितलं नाहीस. मी सांगणार होतो, तर तू माझ्या पायावर पाय दिलास. त्याबद्दल मी कधी आभार मानले नाहीत. आपल्यात ती पद्धत नव्हती. आता मानतो.

त्यानंतर ते अक्षर कुठंकुठं गेलं! लॉजचे टॉवेल, लग्नात द्यायच्या चादरी, कुस्तीच्या फडात पैलवानाच्या खांद्यावर टाकायची चादर, शाळेच्या बक्षिसाचे नॅपकिन. पण सगळीकडं ते चालत नव्हतं, हे आपल्या दोघांना पटलेलं होतं. लांबलचक नाव असलं की शिंगं एकमेकांत अडकायची. रुमालाएवढ्या कापडात ते गुदमरायचं. दवाखान्याच्या चादरीला एकदा मालकानं सांगितलं तर तू सरळ नाही म्हणालास. "आजाऱ्याच्या अंगावर कशाला मिरवायचं? तिथं साधंच." नाव मोठं, शब्द दोन-तीन, आणि कारण आनंदाचं, तरच शिंगी. एवढी अक्कल मालकाला नव्हती.

तू गेल्यावर शोकसभेत लोक बोलले. तू मनमिळाऊ होतास म्हणाले. मी मागं बसून ऐकलं. तू मनमिळाऊ नव्हतास. तू चहासुद्धा दुसऱ्याच्या कपात घेत नव्हतास आणि एकदा 'नाही' म्हणालास की तुझ्या आईलाही ते बदलता येत नव्हतं. मला बोलायला सांगितलं, मी उठलो नाही. जे सांगायचं होतं ते माईकवर सांगायसारखं नव्हतं. ते असं.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर मी तुझ्या घरी आलो होतो. तू खाटेवर, उशाला टेकून. आवाज बसलेला. म्हणालास, "अन्ना, एक काम करशील?"

"काय?"

"एकदा एक घर मार."

मी तुझी उशी सारखी केली.

"टॉवेलला नको. भिंतीवर लावायच्या कापडाला. सूत बारीक असतंय, धुणं नाही. एकदा बघू की कसं येतंय. मी बघतो आणि गप बसतो."

पंचिंग मशीन तेव्हा कारखान्यात कोपऱ्यात होतं. काम सगळं कॉम्प्युटरवर गेलेलं, पण मशीन चालू होतं, तो एक जुना मागही होता. मी म्हणालो, "डोळ्यानं दिसत न्हाय आता."

डोळ्यांना दिसत होतं, नरसय्या. मोतीबिंदू काढल्याला दोन वर्षं झाली होती, मी पेपर वाचत होतो. तुला ते माहीत होतं, तूच दवाखान्यात माझ्याबरोबर आला होतास. तरी तू म्हणालास, "बरं." भांडला नाहीस. तू भांडला नाहीस तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.

मी का नाही म्हणालो ते लिहितो. त्या कापडावर एका घराची रेघ चांगली आली असती. मला ते आधीपासून माहीत होतं. ती चांगली आली असती तर चाळीस वर्षांत मी जे जे बोललो त्यातलं थोडं खोटं ठरलं असतं, आणि ते तुझ्यासमोर ठरलं असतं. एवढंच कारण. दुसरं काही नाही. दोन महिन्यांनी मालकाच्या पोरानं मशीन मोडीत काढलं, आणि आता मी हो म्हणालो तरी उपयोग नाही.

तुझे दिवस झाले त्याच्या दुसऱ्या संध्याकाळी श्रीनिवास माझ्याकडं आला. तुला नान्ना म्हणणारा तुझा पोरगा तुझ्यासारखा दिसत नाही, पण चप्पल तुझ्यासारखीच उंबऱ्याबाहेर जोडून ठेवतो. म्हणाला, "काका, नान्नाची सगळी अक्षरं कॉम्प्युटरवर घ्यायलोय. मराठी, इंग्रजी दोन्ही. एकदा घेतली की कुठल्याही मागावर चालतील. उद्यापासून टॉवेलची एक ऑर्डर सुरू करायची आहे, शिंगीच पाहिजे म्हणतात."

"मग घे की. मला काय विचारतोस?"

"ग्राफ स्कॅन केलो. पण जुना टॉवेल शेजारी ठेवून बघितलो तर रेघ वेगळी दिसायली. कागदावर एक घर आहे, कापडात दोन आहेत. कुठलं खरं धरू?"

मी त्याला म्हणालो, चल, कपाट बघू. तुझ्या घरी आलो. तुझ्या बायकोनं चहा दिला, मी घेतला. दोघांनी मिळून सगळे कागद जमिनीवर पसरले. मी काय शोधत होतो ते श्रीनिवासला कळलं नाही. मी एक तरी असा कागद शोधत होतो ज्यात तू दोन घरं काढली असशील. कुठंतरी, कधीतरी, कुणी बघत नसताना. मला वाटत होतं असेल. दीड तास बघितलं. शेवटचा कागद हात थरथरायला लागल्यानंतरचा होता, लाल रंग घराबाहेर गेलेला. त्यातही बारीक रेघ एकच घर.

एक कागद नाही. मला राग आला आणि मग बरं वाटलं. तू तसूभर हलला नव्हतास.

पण त्याबरोबर दुसरी गोष्ट ध्यानात आली. माझी रेघ कुठंच नव्हती. कार्डं मशीनबरोबर रद्दीत गेली. टॉवेल लोकांनी वापरून फाडले, फरशी पुसायला घेतले. मी आयुष्यभर जे केलं ते कुठल्याच कागदावर नव्हतं. श्रीनिवासनं तुझा कागद तसाच मागावर चढवला असता तर तीन धुण्यांत अक्षर मोडलं असतं आणि लोक म्हणाले असते, नरसय्याचं अक्षर पोकळ निघालं. आणि बिरू कोण, हे कुणी म्हणालंच नसतं.

श्रीनिवासनं लाल पेन्सिल पुढं केली. "काका, तुम्हीच भरा की हितं. कुठली घरं वाढवायची ते मला कळत नाही. नुसती सगळीकडं जाड केली तर बेढब दिसायलंय."

खरं होतं ते. मी सगळीकडं वाढवत नव्हतो. उभ्या बारीक रेघेला आतल्या अंगानं वाढवायचो, शिंगाला बाहेरच्या, आणि गाठ जिथं पडते तिथं अजिबात नाही. नाहीतर गाठीचा गोळा होतो. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मला वाटतं, तुला ते कळलं होतं.

मी पेन्सिल परत दिली. म्हणालो, "ह्या कागदाला न्हाय. हा तसाच घे कॉम्प्युटरात, एका घराचा. भिंतीवरच्या कापडाला हाच लाव, ह्याच महिन्यात एक विणून बघ आणि मला बोलव. चांगलं आलं तर मी चारचौघांत कबूल करीन. वाईट आलं तर तेबी सांगीन. टॉवेलचा कागद वेगळा करू."

"वेगळा कोण काढणार काका?"

मी चप्पल घातली आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी कन्ना चौकात जाऊन दुकान उघडायची वाट बघत बसलो, चौकटीचा कोरा कागद घेतला आणि तुझ्या घरी गेलो. तुझा कागद डाव्या हाताला ठेवला, पट्टी लावली. मला अक्षराची कड काढता येत नाही, तुझ्यासारखा हात नाही. मला ओळ येते. म्हणून सगळ्यात खालच्या ओळीपासून सुरू केलं, पायापासून, माग विणतो तसं, एकेक ओळ भरत वर. बारीक रेघ आली तिथं आतल्या अंगानं दुसरं घर भरलं. एका 'आर'ला अकरा वाजले. श्रीनिवास शेजारी मांडी घालून बघत होता, मधे एकदाच बोलला, "असं होय." पूर्ण झाल्यावर त्यानं कागद फिरवून बघितला आणि म्हणाला, "काका, डिझायनरची सही असते खाली कोपऱ्यात. नान्नाचं नाव घालू?"

मी म्हणालो, न्हाय. दोन घरांच्या रेघेखाली त्याचं नाव चालणार न्हाय त्याला. आणि सावकाश, एकेक अक्षर जुळवून, मी माझं लिहिलं.